चुकलेलं पाकीट आणि जाहीर कबुली: घरगुती उद्योग चालवणाऱ्यांसाठी

२०२४ च्या दिवाळीत, वसुबारसेच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी नाशिकहून एका ताईंचा फोन आला. "तुमची खोबरं-लसणाची चटणी मागवली होती. नातीला शेंगदाणा अजिबात चालत नाही म्हणून मुद्दाम तीच घेतली. पण चव घेतली तर ही शेंगदाण्याची आहे." त्यांनी आधी स्वतः बोटावर घेऊन पाहिली होती, म्हणून नातीच्या ताटात ती गेली नाही.

मी सोलापुरात डंकावर कुटलेल्या कोरड्या चटण्या आणि मसाले करते, दिवाळीला फराळही. शेंगदाणा चटणी आणि खोबरं-लसूण चटणी, दोन्ही लाल. पारदर्शक पाकिटात भरल्या की लांबून सारख्याच दिसतात. लेबलं मी एकाच डब्यात ठेवली होती, दोन्ही लाल रंगातच छापलेली. २२ ऑक्टोबरला जेवणाच्या सुट्टीनंतर भरलेल्या २२ पाकिटांवर चुकीचं लेबल गेलं.

ताईंची मी तिथल्या तिथे माफी मागितली, पाच मिनिटांत पैसे परत केले आणि विषय मिटला असं समजून कामाला लागले. उरलेली २१ पाकिटं कुणाच्या घरात आहेत हा विचार मला रात्री अकराला सुचला. तेव्हाही "सकाळी बघू, ऐन दिवाळीत कशाला" असं मनाशी म्हणत आणखी जवळजवळ एक दिवस घालवला. दुसऱ्या दिवशी रात्री जाहीर पोस्ट टाकली, तेव्हा खाली पहिलीच कमेंट होती, "काल कळलं होतं तर काल का नाही सांगितलं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे जे लिहिते आहे ते त्या एका दिवसातून आलेलं आहे.

आपण जाहीर लिहितो ते तक्रार करणाऱ्यासाठी नव्हे. त्याच्याशी फोनवर बोलता येतं. जाहीर लिहायचं ते ज्यांनी अजून पाकीट फोडलेलं नाही त्यांच्यासाठी. आणि ज्यांनी फोडून, नाक मुरडून, काही न बोलता कचऱ्यात टाकलं त्यांच्यासाठीही. बहुतेक लोक तक्रार करत नाहीत, पुढच्या वेळी दुसऱ्याकडून घेतात.

पहिली गोष्ट: हात थांबवा आणि आकडा काढा

चूक कळल्याबरोबर त्या लॉटचा उरलेला माल बाजूला ठेवा. वेगळ्या पिंपात किंवा पिशवीत भरा आणि वर "विकू नये" असं ठळक लिहा. घाईगर्दीत बाजूला ठेवलेलं पाकीट पुन्हा पार्सलमध्ये जातं, हे मी पाहिलं आहे.

मग वही काढा. किती पाकिटं, कोणत्या तारखेची, कोणाकोणाला गेली. ही वही नसेल तर आजपासून करा. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, शंभर पानी वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, पदार्थ, लॉट किंवा घाण्याचा नंबर, पाकिटांची संख्या, कोणाला गेली. चकलीचा प्रत्येक घाणा वेगळा नंबर लावून लिहिला, तर तेल खराब झाल्याचं कळल्यावर साठ घरांना फोन करावे लागत नाहीत, आठ घरांना करावे लागतात. पाकिटाच्या मागे मार्करने तोच नंबर टाका. माझ्या २२ पैकी १५ पाकिटं कोणाला गेली ते वहीत होतं. उरलेली सात प्रदर्शनाच्या टेबलावर रोखीने गेली होती, तिथे नाव नाही, फोन नाही. त्या सातांपर्यंत पोचायला जाहीर पोस्टशिवाय दुसरी वाटच नव्हती.

ज्यांचा पत्ता आहे त्यांना आधी फोन

जाहीर लिहिण्याआधी, ज्यांचे नंबर आहेत त्यांना फोन करा. मेसेज नव्हे, फोन. मेसेज न वाचता राहतो, आणि खाण्याच्या बाबतीत तेवढी वाट पाहता येत नाही. फोन उचलला नाही तरच लिहा, आणि पहिल्या ओळीत "खाऊ नका" येऊ द्या. "नमस्कार, दिवाळीच्या शुभेच्छा" ही सुरुवात इथे नको.

फोनवर तीन वाक्यं बोला आणि थांबा. काय झालं, तुम्ही आता काय करायचं, मी काय करणार. त्यानंतर समोरचा रागावला तर रागावू द्या. मधे "पण आमच्याकडे कधी असं होत नाही" म्हणू नका. त्यांच्याकडे झालेलं आहे.

जाहीर सांगायचं की नाही?

सगळ्याच चुका चव्हाट्यावर मांडायच्या नसतात. एका ग्राहकाचं पार्सल दोन दिवस उशिरा गेलं, एकाला पाव किलो शंकरपाळी कमी गेली, तर ते तुमच्या दोघांतच मिटवा. त्यांनी जाहीर तक्रार केली असेल, तर मात्र उत्तरही जाहीरच द्या. "इनबॉक्स चेक करा" एवढंच लिहून पळू नका. आधी चार शब्दांत मान्य करा, मग पत्ता-नंबरसाठी इनबॉक्समध्ये या.

एकापेक्षा जास्त लोकांपर्यंत चूक गेली असेल आणि ते सगळे कोण हे तुम्हाला माहीत नसेल, तर जाहीर सांगा.

तब्येतीचा प्रश्न असेल तर विचार करत बसू नका. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या माणसाला चिमूटभरही पुरतं, ओठ सुजतात, श्वास अडकतो. म्हणूनच अन्नपदार्थांच्या लेबलांविषयीच्या २०२० च्या विनियमांत शेंगदाणा, दूध, सोयाबीन, गव्हासारखी ग्लुटेन असलेली धान्यं वगैरे असतील तर पाकिटावर तसं छापणं बंधनकारक केलं आहे. आणि अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ चं कलम २८ स्पष्ट आहे: आपण विकलेलं अन्न नियमांत बसत नाही असं वाटण्यासारखं कारण असेल, तर ते बाजारातून आणि ग्राहकांकडून, कारण सांगून, लगेच मागे घ्यायचं आणि यंत्रणेला कळवायचं. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय असतं. मी सोमवारी सकाळी तिथे अर्ज नेऊन दिला. जाताना पाय जड झाले होते हे खरं, पण न कळवता बसले असते तर झोप लागली नसती.

आता लिहिणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी अडचण इथेच आहे.

आपल्या मराठीत चूक सांगताना माणूस अलगद गायब करता येतो. "चूक झाली." कोणी केली? "अनवधानाने लेबल बदललं गेलं." कोणाच्या? "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." गैरसोय पाऊस पडल्यासारखी आपोआप झाली, आणि आपण छत्री घेऊन दिलगीर उभे आहोत. रेल्वेच्या घोषणेतलं हे वाक्य आपल्या इतकं कानात बसलं आहे की पोस्ट लिहायला घेतली की बोटांतून तेच उतरतं. ऐकणाऱ्यालाही ते घोषणेसारखंच ऐकू येतं, म्हणजे ऐकूच येत नाही.

म्हणून पोस्ट लिहून झाली की प्रत्येक वाक्याला विचारा: हे कोणी केलं? उत्तर वाक्यात सापडलं पाहिजे. "मी लेबल तपासलं नाही." "मी दोन्ही लेबलं एका डब्यात ठेवली." एकटीचा उद्योग असेल तर "आम्ही" सुद्धा नको, "मी" लिहा. "आम्ही"च्या गर्दीत परत लपायला जागा मिळते.

माझ्या पहिल्या कच्च्या मजकुरात असं होतं:

"प्रिय ग्राहकहो, दिवाळीच्या प्रचंड ऑर्डर्समुळे अनवधानाने काही पाकिटांवर चुकीची लेबलं लागली आहेत. जर कोणाला त्रास झाला असेल तर क्षमस्व. आम्ही नेहमीच गुणवत्तेला प्राधान्य देतो."

माझ्या मुलाने ते वाचून विचारलं, "आई, यात खायचं की नाही ते कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. "प्रचंड ऑर्डर्स" मध्ये मी चक्क स्वतःची जाहिरात करून घेतली होती. "जर कोणाला त्रास झाला असेल" म्हणजे झाला की नाही हे ग्राहकानेच आता सिद्ध करायचं. आणि शेवटची ओळ त्या दिवसापुरती तरी खोटी होती. सगळं खोडलं. शेवटी गेली ती पोस्ट ही:

"खाऊ नका. आमची 'खोबरं-लसूण चटणी' (२०० ग्रॅम), भरल्याची तारीख २२ ऑक्टोबर, मागे निळ्या मार्करने लॉट ३. या लॉटच्या २२ पाकिटांत शेंगदाणा चटणी आहे. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या कोणाच्याही हाती हे पाकीट जाऊ देऊ नका. कोणी खाल्लं असेल आणि त्रास होत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, मला नंतर कळवा.

मी दोन्ही चटण्यांची लेबलं एकाच डब्यात ठेवली आणि पाकिटं बंद करण्याआधी तपासली नाहीत. काल संध्याकाळी एका ग्राहकांनी सांगितल्यावर मला हे कळलं. १५ घरांना आज फोन केले. सात पाकिटं प्रदर्शनात विकली गेली, त्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

पाकीट परत पाठवू नका. मागच्या नंबरचा फोटो मला पाठवा आणि चटणी टाकून द्या. पैसे त्याच दिवशी परत करीन. बिल नसलं तरी चालेल. माझी चूक आहे, माफी मागते."

माफी शेवटी आहे ते मुद्दाम. वाचणाऱ्याला आधी हवं असतं ते स्वतःच्या घरातलं पाकीट ओळखणं. मग काय करायचं ते, मग कसं झालं ते, मग पैसे, आणि माफी हे सगळं सांगून झाल्यावर. हा क्रम तुम्हीही ठेवा. "कसं झालं" हा भाग दोन वाक्यांच्या पलीकडे गेला की तो खुलासा राहत नाही, वकिली होते.

हाताखालच्या माणसाचं नाव घेऊ नका

ती पाकिटं भरली होती आमच्या गल्लीतल्याच एका बाईंनी. पोस्टमध्ये "आमच्या कामगाराकडून" असं लिहिणं सोपं होतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण गल्लीत दोन तासांत सगळ्यांना कळलं असतं की कोण. महिन्याकाठी चार पैसे मिळावेत म्हणून येणाऱ्या बाईच्या माथी आपली चूक मारायची, हे मला अन्यायाचं वाटतं. लेबलं एका डब्यात मी ठेवली होती, तपासणीची पद्धत मी लावली नव्हती. पाकिटावर नाव माझं आहे, तर चुकीवरही माझंच. त्यांच्याशी जे बोलायचं ते घरात, चहा घेत बोला.

टाकायची कुठे?

जिथे माल विकला तिथेच. फराळाच्या ऑर्डर फेसबुकवरच्या ग्रुपमध्ये घेतल्या आणि कबुली फक्त स्वतःच्या पेजवर टाकली, तर ती कबुली पोचत नाही.

व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्टवर विसंबून राहू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही, आणि एकदाच खरेदी केलेल्यांनी तो सेव्ह केलेला नसतोच. स्टेटस २४ तासांत जातं, तेव्हा नुसत्या स्टेटसवर भागवू नका. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी मजकूर दाबल्यावर उघडतो. तेव्हा पदार्थाचं नाव आणि "खाऊ नका" त्या ओळींत बसवा आणि पोस्ट वर पिन करा. प्रदर्शन भरवणाऱ्यांना सांगा, त्यांच्या ग्रुपवर टाकायला लावा. माझ्या सातांपैकी चार घरं अशीच सापडली.

सोबत फोटो हवा तो पाकिटाचाच, पुढून आणि मागून, नंबर वाचता येईल असा. काळ्या पाटीवर जोडलेले हात आणि "मनःपूर्वक क्षमस्व" असलं चित्र नको. त्यावरून आपल्या फडताळातलं पाकीट कोणाला ओळखता येत नाही.

आणि एक काळजी घ्या. तक्रारीचा स्क्रीनशॉट टाकताना ग्राहकाचं नाव, नंबर, पत्ता, डीपी झाका. त्याहून बरं म्हणजे टाकूच नका. ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती त्याला न विचारता दुसऱ्यांना देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहक कितीही वाकडं बोलला असला तरी.

कमेंट्स

बंद करू नका. पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी बघा. प्रत्येकाला एकच चिकटवलेलं उत्तर देऊ नका.

"काल का नाही सांगितलं?" याला मी लिहिलं, "बरोबर आहे. काल रात्रीच सांगायला हवं होतं. मी घाबरले आणि एक दिवस वाया घालवला." त्याखाली ते गृहस्थ पुन्हा काही बोलले नाहीत. त्यांनी मला माफ केलं की नाही हे मला माहीत नाही, आणि ते विचारायचा मला अधिकारही नाही.

तुमची बाजू घेणारेही येतात, आणि त्यांना आवरणं जास्त अवघड. "ताई, एवढंसं तर झालंय, लोक उगाच बाऊ करतात" असं कोणी लिहिलं की गोड वाटतं. तिथेच लिहा, "नाही, अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी हे एवढंसं नाही." तक्रार करणाऱ्या ग्राहकावर आपले चाहते तुटून पडले आणि आपण गप्प राहिलो, तर आधीची कबुली पुसली जाते. आणि कृपा करून मैत्रिणींना सांगून पाच-पाच तारे टाकायला लावून वाईट रिव्ह्यू खाली ढकलू नका. वाचणाऱ्याला एकाच दिवशी आलेले अकरा "खूप छान, अप्रतिम" लगेच ओळखू येतात.

कोणी खोटीच तक्रार करत असेल तर? असतात असे, पण थोडे. वही उघडा, लॉट नंबरचा फोटो मागा, सभ्य भाषेत एकदा उत्तर द्या आणि थांबा.

पैसे

ज्या दिवशी कबुली त्याच दिवशी परतावा. युपीआयने पाठवा आणि यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक) कळवा, म्हणजे "आले नाहीत"चा घोळ होत नाही. पूर्ण रक्कम द्या, कुरिअरचा खर्च धरून. पुढच्या खरेदीवर सूट देणं म्हणजे परतावा नव्हे. ज्याचा विश्वास गेला त्याला आपण पुन्हा आपल्याच दारात यायची अट घालतो. ग्राहक संरक्षण कायद्यानेही, सदोष वस्तू परत घेऊन बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित प्रथा धरली आहे. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा शिक्का सदोष मालाला लागू पडत नाही.

१२० रुपयांचं एक पाकीट. सापडलेली १९ घरं, कुरिअर धरून मला तीन हजारांच्या आसपास खर्च आला. दिवाळीच्या कमाईतून तेवढे जाणं जाणवतं. तरी नाशिकच्या त्या बोटावर घेतलेल्या चटणीपुढे ते काहीच नाहीत.

आपली चूक कुठवर, हे नीट कापा

सगळंच अंगावर घेणं हेही खोटंच. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, अमेरिकेने २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी काढली. त्यामुळे भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, ते थेट १५ ऑक्टोबरला सुरू केलं, लक्ष्मीपूजन आठवड्यावर आलेलं असताना. माझ्याकडे अमेरिकेच्या सहा फराळाच्या ऑर्डरचे पैसे आगाऊ आलेले होते. न्यू जर्सीत, टेक्सासात मुलं, सोलापुरात आईवडील, त्यांनीच पैसे भरलेले. मी आज सुरू होईल, उद्या सुरू होईल असं म्हणत तीन आठवडे थांबले.

सहाही घरांना मी जे लिहिलं ते असं: "टपाल बंद झालं ते माझ्या हातात नव्हतं. पण ते कळूनही तीन आठवडे तुमचे पैसे ठेवून मी गप्प बसले, ही चूक माझी. पैसे आज परत केले आहेत. खासगी कुरिअरने पाठवायचं असेल तर वजनाप्रमाणे इतका खर्च येईल, तो पाहून तुम्ही ठरवा." सरकारवर किंवा कुरिअरवर बोट दाखवण्याआधी हे विचारा: बाहेरची अडचण मला कळली कधी, आणि मी ग्राहकाला सांगितलं कधी? त्या दोन तारखांमधलं अंतर आपलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा लिहा

हे फार थोडे लोक करतात. काय बदललं ते सांगायचं, तेही दाखवता येईल असं. "आम्ही यापुढे अधिक काळजी घेऊ" याला काही अर्थ नाही. मी लिहिलं: शेंगदाणा चटणीचं लेबल आता पिवळं, खोबऱ्याचं हिरवं. दोन्ही चटण्या एकाच दिवशी भरत नाही. पाकिटाचं तोंड बंद करण्याआधी दुसरी व्यक्ती पाहते आणि वहीत सही करते. डंक आणि परात दोन्ही चटण्यांना एकच वापरते, म्हणून आता सगळ्याच पाकिटांवर "याच जागी शेंगदाणाही हाताळला जातो" असं छापलं आहे. खरं तर ही ओळ आधीपासूनच असायला हवी होती, आणि ते मी त्या पोस्टमध्ये लिहिलंही. २२ पैकी १९ पाकिटं सापडली, तीन सापडली नाहीत, हेही लिहिलं.

पोस्ट काढायची कधी, असं मला बऱ्याच जणी विचारतात. त्या चटणीची टिकण्याची मुदत तीन महिने होती, तोवर मी ती वर पिन करून ठेवली. मग पिन काढली. पोस्ट अजून तिथेच आहे, कमेंट्ससकट. नव्या ग्राहकांपैकी कोणी खाली सरकत जाऊन ती वाचतात आणि फोनवर विचारतात, "त्या तीन पाकिटांचं पुढे काय झालं?" मी सांगते, अजून कळलं नाही.